मॅडम, मग पेशी लहान होत नाही का?

फेब्रुवारीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी पेशीय भक्षण शिकवत होते. एन्डोसायटोसिस. सहा वर्षं हाच धडा आणि हीच आकृती. पेशीचं पटल आत वळतं, खळगा पडतो, खळग्याची मान आवळते आणि पुटिका, म्हणजे पटलाची इवलीशी पिशवी, तुटून आत जाते. शेवटी एक बाण. तो बाण मी डोळे मिटूनही काढीन. त्या दिवशी बोलण्याच्या ओघात पुस्तकाबाहेरचं एक वाक्य सांगून गेले: आपल्या शरीरातली मॅक्रोफेज नावाची भक्षकपेशी साधारण अर्ध्या तासात स्वतःच्या अख्ख्या पृष्ठभागाएवढं पटल आत ओढते. हे मोजमाप राल्फ स्टाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली केलं होतं. (याच स्टाइनमनना 2011 चं नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी.) मुलांना आकडे आवडतात, म्हणून आकडा दिला, एवढंच.

मागच्या बाकावर एक मुलगी बसते. वर्षभरात तिचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकला होता. ती म्हणाली, "मॅडम, मग पेशी लहान होत नाही का?"

मी म्हटलं, नवीन पटल तयार होतं. ती "बरं" म्हणून बसली.

घरी जाताना सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा डोक्यात हिशोब सुरू झाला. अर्ध्या तासात अंगावरचं सगळं कातडं नव्याने बनवायचं, मग पुढच्या अर्ध्या तासात पुन्हा, दिवसातून अठ्ठेचाळीस वेळा. एवढं करायचं तर पेशीला दुसरं काही करायला सवडच उरणार नाही. माझं उत्तर चुकलं होतं. बाकी सगळं सोडा, मला हे वाईट वाटलं की ज्या गोष्टीचा बाण मी सहा वर्षं काढत आले, ती मी स्वतः एकदाही पाहिलेली नव्हती.

मी तासिका तत्त्वावर आहे. एप्रिल-मेमध्ये तास नसतात, म्हणजे पगारही नसतो. वेळ मात्र भरपूर. विभागप्रमुखांकडे सुट्टीतल्या प्रयोगशाळेची चावी मागितली. त्यांनी चावी दिली आणि सांगितलं, "काही विकत घ्यायचं असेल तर विचारू नका." इतका स्पष्ट माणूस मला आवडतो.

पैसे न लागता पटलाची ये-जा दिसेल असा एकच प्राणी आमच्या आवाक्यात होता: पॅरामेशियम. एकपेशीय, चपलेच्या आकाराचा, लांबी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. काळ्या कागदावर बरणी धरली तर नुसत्या डोळ्यांनाही पांढरा ठिपका सरकताना दिसतो. त्याला घसा असतो. घशाच्या तळाशी अन्नाची पुटिका भरते, आत तुटून पडते आणि पेशीभर फिरते. तिला अन्नरिक्तिका म्हणतात. बी.एस्सी.ला असताना आम्ही हीच रिक्तिका कायम करून ठेवलेल्या स्लाइडवर पाहिली होती. मेलेली आणि गुलाबी.

जिवंत पॅरामेशियम मिळवणं पुस्तकात एका ओळीचं काम आहे: साचलेलं पाणी घ्या. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सहाला विजापूर रोडला कंबर तलावावर गेले. जलपर्णीच्या कडेला कुजलेल्या पानांत बाटली बुडवत होते. फिरायला आलेले एक आजोबा थांबले. "काय करलालाव मॅडम? म्हापालिकेकडनं पाणी तपासायला आलाव का?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला.

पॅरामेशियम जिवाणू खातो, म्हणून आधी जिवाणूंची शेती करावी लागते. परदेशी पुस्तकांत त्यासाठी वाळलेलं गवत सांगतात. सोलापुरात गवत कशाला, कडबा आहे. गवळ्याकडून मूठभर कडबा आणला, बोटाएवढे तुकडे करून उकळला, ते पाणी दोन दिवस उघडं ठेवलं. वर साय धरली आणि गोठ्यासारखा वास सुटला, म्हणजे जमलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून गल्लीतल्या आडाचं पाणी घेतलं. त्यात तलावाचं पाणी मिसळलं, चार तांदळाचे दाणे टाकले आणि वाट पाहत बसले. चौथ्या दिवशी टिंबासारखे बारके जीव, सातव्या दिवशी घेवड्याच्या दाण्यासारखे काही, आणि दहाव्या दिवशी एका थेंबात तीन पॅरामेशियम, स्वतःभोवती गिरक्या घेत पळणारे. मी प्रयोगशाळेत एकटीच होते, तरी मोठ्याने काहीतरी बोलले.

त्याच आठवड्यात पारा 43 वर गेला. एका सकाळी थेंबात एकही हलेना. काही फुगून फुटले होते. या जिवाला पंचविशीच्या आसपासचं तापमान मानवतं, आणि आमच्या प्रयोगशाळेत दुपारी अडतीस असतं. वातानुकूलित खोली कॉलेजात एकच आहे. तिच्यात काय ठेवतात ते लिहीत नाही.

उपाय घरातच होता. आईचा एक जुना माठ झिरपून झिरपून कोपऱ्यात पडला होता. त्यात वाळू भरली, वाळू भिजवली, मधोमध बरणी रोवली आणि वरून ओलं गोणपाट गुंडाळलं. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे हा गारवा छान साधतो. खोलीत अडतीस असताना वाळूत सत्तावीस. आईचं म्हणणं वेगळं होतं. आमच्या भागात पाणी चार दिवसांनी येतं. "माणसांना प्यायला पाणी नाही आणि हिच्या किड्यांना गारवा." तिचं खरं होतं. मी भांडी घासलेलं शेवटचं पाणी गाळून गोणपाटावर मारायला लागले, मग ती गप्प झाली. दुसऱ्या खेपेची पिल्लावळ तिथेच वाढली, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात एका थेंबात मोजता येणार नाहीत इतके झाले.

आता त्यांना रंगवलेलं अन्न द्यायचं. ही जुनी युक्ती आहे. बेकरीतलं यीस्ट तीन ग्रॅम, काँगो रेड नावाचा रंग तीस मिलिग्रॅम, दहा मिलिलिटर पाणी, दहा मिनिटं मंद उकळायचं. यीस्ट मरतं आणि लालभडक होतं. काँगो रेड हा नुसता रंग नाही, आंबटपणा दाखवणारा दर्शक आहे: सामू (pH; जितका कमी तितकं आंबट) पाचाच्या वर असला तर लाल, तीनपर्यंत उतरला की निळा. अन्नरिक्तिकेत आम्ल शिरलं तर यीस्टचा दाणा पेशीच्या आत रंग बदलणार आणि बाहेरून मला दिसणार. विभागाच्या कपाटात रंगाची एक बाटली होती, तिच्यावरचं लेबल माझ्या लग्नाच्या आधीचं. हातमोजे घालूनच काम करावं लागतं. हा रंग बेन्झिडीनपासून बनतो आणि बेन्झिडीन कर्करोगाला कारण ठरतं.

पहिल्यांदा यीस्ट घातलं तेव्हा जे दिसलं ते मी कितीही वेळा पाहायला तयार आहे. कडेच्या केसांच्या लाटेने लाल दाणे घशात ओढले जातात. घशाच्या तळाशी ते भोवऱ्यासारखे फिरतात. नळाच्या तोंडाशी थेंब धरतो, तसा तिथे एक लाल मणी फुगायला लागतो. फुगतो, फुगतो, आणि एकदम सुटतो. सुटलेला मणी मागे सरकतो आणि लगेच दुसरा धरायला लागतो. मिनिट-दीड मिनिटाला एक. प्रत्येक मण्याभोवती पटलाची पिशवी असते. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथे माझ्या डोळ्यांसमोर दर मिनिटाला तयार होत होता.

पण एवढं दिसायलाही आठवडा गेला होता. जुन्या सूक्ष्मदर्शकाचा टंगस्टनचा दिवा थेंब तापवायचा, आणि पाच मिनिटांत आच्छादनकाचेखालचं पाणी उडून जायचं. कडेला व्हॅसलिन लावलं. दिवा काढून एलईडी बसवली, इलेक्ट्रिशियनने तीनशे घेतले. पॅरामेशियम एका जागी थांबावा म्हणून आधी इसबगोलाचं पातळ पाणी घालून पाहिलं, पण त्यात टरफलांचाच कचरा दिसे. मग सोलापुरी टॉवेलचा एक धागा पिंजला आणि त्या कापसाच्या जाळ्यात त्यांना अडकवलं. आपल्या गावाच्या मालाची मी दिलेली ही एकमेव वैज्ञानिक जाहिरात.

खरी पंचाईत पुढे आली. दहा मिनिटांनी पाहिलं तर एकाच पेशीत लाल, जांभळे, निळे, विटकरी असे सगळ्या रंगांचे मणी खचाखच. कोणता कधी आत आला, काहीच कळेना. हे म्हणजे एसटी स्टँडवर दुपारी बारा वाजता उभं राहायचं आणि कोणती गाडी किती वाजता निघाली होती ते धुळीवरून ओळखायचं. तीन दिवस मी रंगांच्या टक्केवाऱ्या लिहीत बसले आणि त्यातून काही निघेना.

मग अक्कल सुचली. दोनच मिनिटं खायला द्यायचं, आणि लगेच ते पाणी पन्नासपट स्वच्छ पाण्यात ओतायचं. यीस्ट इतकं विरळ होतं की नवा लाल मणी क्वचितच बनतो. पेशीत जे मणी आहेत ते सगळे जवळजवळ एका वयाचे. मग दर दोन मिनिटांनी, काळ्या कापडावर ठेवलेल्या भांड्यातून ड्रॉपरने पांढरे ठिपके उचलायचे आणि वीस पेशी तपासायच्या. हे सगळं करून झाल्यावर आठवलं की ही माझी अक्कल नव्हेच. जॉर्ज पॅलेड यांनी प्रथिनं पेशीत कोणत्या वाटेने बाहेर पडतात ते याच पद्धतीने काढलं होतं: थोडा वेळ किरणोत्सर्गी अमिनो आम्ल द्यायचं, मग साधं द्यायचं, आणि खुणेची तुकडी कुठवर पोचली ते पाहायचं. पल्स-चेस. 1974 च्या नोबेलमध्ये त्यांचं नाव आहे. मी हे परीक्षेला चार गुणांसाठी लिहिलं होतं आणि तरीही तीन दिवस वाया घालवले.

तेवढ्यात मोबाइलने दगा दिला. आयपीसला मोबाइल चिकटवून मी चित्रफिती घेत होते. डोळ्याला निळसर दिसणारा मणी चित्रफितीत तपकिरी, आणि पुढच्या चित्रफितीत तोच जांभळा. मला वाटलं, माझं आम्लच गडबडलंय. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून त्या पाहत होते तेव्हा शेजारचे काका आले. सगळी गल्ली त्यांना डाईंगवाले काका म्हणते. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आयुष्य सुताला रंग देण्यात गेलं. माझ्या बोटाच्या कडेला लागलेला डाग पाहून म्हणाले, "काँगो काय?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्यांना हा रंग चांगला माहीत होता. सुताला आधी तुरटीसारखं काही न लावता थेट चढणारा हा पहिला रंग, 1883 साली जर्मनीत पाउल बॉटिगर या रसायनज्ञाने शोधलेला. हा इतिहास अर्थात मी नंतर वाचला. काकांना एवढंच ठाऊक की त्यांचे वडील तो वापरत, स्वस्त होता, आणि त्याच्या तक्रारी यायच्या. "जेवताना चिंचेची आमटी सांडली की लाल टॉवेलवर काळा डाग. घामानं पण बिघडायचा. व्यापारी माल परत करायचे." बेन्झिडीनच्या रंगांवर पुढे आपल्याकडे बंदी आली ती वेगळ्या कारणाने.

मी घरातून वाटी आणली, थेंबभर रंग पाण्यात टाकला आणि लिंबू पिळलं. लाल पाणी निळं-काळं झालं. काका मोबाइलच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा रंग तो नव्हं. तुझा फोन खोटं बोलतोय."

फोन खोटं बोलत होता. कॅमेरा पांढरा रंग स्वतःच ठरवतो. चौकटीत लाल जास्त आलं की तो निळं वाढवून तोल साधतो, निळं आलं की उलट. आपल्या लग्नाचे फोटो चांगले यावेत म्हणून केलेली ही सोय माझ्या मुळावर आली होती. दुसऱ्या दिवशी मी मोबाइलमधला हा आपोआपपणा बंद केला. लिंबूपाणी, पातळ केलेलं व्हिनेगर, आडाचं पाणी, अशा वाट्यांचा सामू कागदी पट्टीने मोजला, प्रत्येकीत रंगवलेलं यीस्ट टाकलं, आणि त्यांचे थेंब आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठेवले. म्हणजे कोणती छटा म्हणजे किती आंबट, याची माझी स्वतःची शेडकार्ड. शेडकार्ड हा शब्दही काकांचाच. आधीच्या सगळ्या चित्रफिती पुसून टाकल्या.

आता वहीत जे उतरलं ते असं. दोन मिनिटांचे मणी लाल आणि मोठे. पाच-सहा मिनिटांत बहुतेक निळे, आणि हे मला अपेक्षित नव्हतं, ते आकाराने लहान झालेले. दहा मिनिटांच्या पुढे निळे कमी होत गेले, मणी पुन्हा फुगले, विटकरी-लाल व्हायला लागले. विशीच्या पुढे पेशीतल्या मण्यांची संख्याच घटत गेली.

लहान का झाले, याचं उत्तर शोधताना मला हवाईतल्या रिचर्ड अॅलन आणि अॅग्नेस फॉक यांचं काम सापडलं. 1970 आणि 80 च्या दशकांत या दोघांनी पॅरामेशियमच्या अन्नरिक्तिकेचा जन्मापासून शेवटापर्यंतचा प्रवास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिनिटामिनिटाला टिपला. नवी रिक्तिका सुटली की तिला अॅसिडोसोम नावाच्या पुटिका येऊन मिळतात. त्याच वेळी रिक्तिकेचं मूळचं पटल नळ्या-नळ्यांनी निघून जातं, म्हणून ती आक्रसते. पिशवी तीच दिसते, पण तिचं कापड बदललेलं असतं. आम्लाने जिवाणू मरतात, मग पचवणारी विकरं घेऊन लयकारिका (लायसोसोम) येतात आणि सामू पुन्हा चढतो. शेवटी उरलेला चोथा पेशीच्या एका ठराविक जागेतून बाहेर टाकला जातो. त्या जागेला सायटोप्रॉक्ट म्हणतात. मराठीत पेशीचं गुदद्वार म्हणायला हरकत नाही. पहिले मणी तिथे साधारण एकविसाव्या मिनिटाला पोचतात. माझ्या माठातल्या पॅरामेशियमांचं गणित हवाईच्या जवळपास आलं, तेव्हा मी वही बंद करून चहा केला.

आणि चोथा टाकल्यावर रिकाम्या पिशवीचं काय? ती पेशी टाकून देत नाही. ते पटल चकत्यांसारख्या चपट्या पुटिकांत तुटतं आणि सूक्ष्मनलिकांच्या पट्ट्यांवरून पुन्हा घशाकडे आणलं जातं. त्याच चकत्या जोडून पुढच्या मण्याची पिशवी बनते. पेशी लहान होत नाही, कारण आत गेलेलं परत येतं. माझ्या फळ्यावर परतीचा बाण सहा वर्षांत एकदाही नव्हता.

हे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला कळवलं. ती पुण्यात पीएच.डी. करते, आणि तिचा विषय नेमका हाच आहे, फक्त माणसाच्या पेशीत. तिने विचारलं, मॅडम, बघायला येताय का? मी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. भिगवणच्या पाण्यात रोहित पक्षी दिसतात का म्हणून खिडकीला नाक लावून बसले; मे महिन्यात उगाच आशा.

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची खोली अंधारी आणि थंडगार. सोलापूरच्या उन्हातून गेलेल्या बाईला तिथे ओढणी डोक्यावर घ्यावी लागली. तिने पेशींना चमकणारा रेणू जोडलेलं ट्रान्सफेरिन दिलं होतं. ट्रान्सफेरिन हे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन. बर्फावर ठेवलेल्या पेशींत ते पृष्ठभागाला चिकटतं, पण आत जात नाही, कारण थंडीत पटलाची वाहतूक थांबते. मग एकदम सदतीस अंशांवर आणायचं. पल्स-चेसच, पण गोठवून सोडलेलं. पडद्यावर पेशीच्या कडेला हिरवे ठिपके उमटले आणि आत सरकू लागले, काही रमतगमत, काही रुळावरून सुटल्यासारखे. दहा-पंधरा मिनिटांत ते केंद्रकाशेजारी गोळा झाले.

"किती छान हिरवं आहे," मी म्हटलं.

"कॅमेऱ्याला रंग कळत नाही मॅडम. त्याला फक्त किती उजेड पडला ते कळतं. हिरवा मी मेनूतून निवडलाय." तिने एक कळ दाबली आणि सगळं गुलाबी झालं. मला डाईंगवाले काका आठवले.

अर्ध्या तासात पडदा बहुतेक काळा झाला. मी म्हटलं, तुझ्या लेझरने रंग जळून गेला. ही शंका तिने आधीच धरलेली होती. तिने तबकडी सरकवली आणि शेजारच्या भागातल्या पेशी दाखवल्या, ज्यांच्यावर तोवर उजेड पडलाच नव्हता. त्याही काळ्याच. ठिपके जळले नव्हते, परत बाहेर गेले होते. आतल्या आंबट पुटिकेत लोह सुटून पडतं, रिकामं ट्रान्सफेरिन ग्राहीला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या पटलावरच्या प्रथिनाला, धरून पुन्हा पृष्ठभागावर येतं आणि तिथल्या उदासीन सामूत ग्राहीला सोडून निघून जातं. ग्राही पुढच्या फेरीला मोकळा. आरोग्य केंद्रात मुलींना लोहाच्या गोळ्या वाटतात, त्यातलं लोह पेशीत पोचतं ते या परतीच्या फेऱ्यांमुळे. मला माझ्या लिंबाच्या वाटीचा अभिमान वाटला. आम्लात जास्त चमकणारे रंगही त्यांच्याकडे होते, पण तत्त्व काकांच्या चिंचेच्या आमटीचंच.

कॅन्टीनमध्ये तिने माझी आणखी एक चूक सौम्यपणे दुरुस्त केली. मी तिला शिकवलं होतं की संप्रेरक ग्राहीला चिकटलं, ग्राही पुटिकेतून आत ओढला गेला, की संदेश बंद. तसं नसतं. मार्क फॉन झास्त्रो यांच्या गटाने 2013 साली अॅड्रिनलिनच्या एका ग्राहीवर काम केलं. ग्राही चालू असेल तेव्हाच त्याला चिकटणारी छोटी प्रतिपिंडं त्यांनी पेशीत सोडली, आणि ती एन्डोसोमवरही, म्हणजे आत आलेल्या पुटिका जिथे जमतात त्या पिशवीवरही, जाऊन बसली. म्हणजे ग्राही आत जाऊनही बोलतच असतो. लयकारिकेचंही तसंच. आपण तिला पेशीचं पोट किंवा कचराकुंडी म्हणून शिकवतो. पण अमिनो आम्लं पुरेशी आहेत की नाहीत याची बातमी पेशीला तिच्याच पटलावरून कळते, आणि त्यावर वाढायचं की थांबायचं ते ठरतं. शिवाय आत जाण्याची वाटही एकच नाही. पुस्तकातली क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या जाळीची टोपली ही त्यातली एक. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात सत्यजित मेयर यांच्या गटाने क्लॅथ्रिनशिवायची एक वेगळी वाट उलगडली आहे. मी वहीत लिहून घेत होते. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही लिहून घेताय आणि मी सांगतेय, कसंतरी वाटतंय." मी म्हटलं, सांग, डोसा थंड होतोय.

परत येताना कुर्डुवाडीच्या पुढे गाडी अर्धा तास उभी होती. तेव्हा मी नोटमधली आकृती नव्याने काढली. बाण आता नऊ झाले. परीक्षेला ही आकृती कोण काढणार, हा प्रश्न आहेच. विद्यापीठाच्या नमुना उत्तरात बाण एकच असतो. मी दोन्ही शिकवणार आहे आणि कोणती कुठे काढायची तेही सांगणार आहे. हे मला आवडत नाही, पण गुण मुलांचे जातात.

मला एकच गोष्ट अजून दिसली नव्हती: चोथा टाकण्याचा क्षण. मी वहीत फक्त संख्या घटताना पाहिली होती. त्या जागेवर टक लावून मी चार संध्याकाळी बसले. एकदा मणी कडेला येऊन टेकला आणि वीज गेली. एकदा थेंब सुकला. एकदा मी शिंकले.

जुलैत तास सुरू झाले. माठ मी रिक्षातून कॉलेजात नेला, रिक्षावाल्याने आत मासे आहेत का विचारलं. ती मागच्या बाकावरची मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. तिला बोलावून पहिल्या सूक्ष्मदर्शकावर बसवलं आणि घड्याळ हातात दिलं. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं मी चुकीचं उत्तर दिलं होतं, आता तूच बघ. अठरा मिनिटं झाली, वीस झाली. मागे रांग लागली, पोरं ओरडायला लागली की आम्हालाही बघू दे. ती जागची हलेना. डोळा आयपीसला, एक हात मागे करून सगळ्यांना थोपवलेलं.

"थांबा रे, थांबा. आता टाकतंय."